कर्ट रोझेनविंकलचा 'काइपी' : किनाऱ्यावरचा नव्हे, डोंगरातला ब्राझील

सहावी_तार | शुक्रवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी.

मागच्या आठवड्यात बोसानोव्हा या ब्राझिलियन संगीतप्रकाराच्या धाग्यावर एकाने विचारलं होतं, की जॅझ गिटार वाजवणारे सगळे कधी ना कधी ब्राझीलकडे का वळतात. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि एकाच अल्बमवर अडकलो. म्हणून हा वेगळा धागा.

अल्बमचं नाव 'काइपी'. गिटारवादक कर्ट रोझेनविंकल, साल २०१७. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं: जन्म १९७० चा, फिलाडेल्फियाचा. बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात शिकत असताना व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टनच्या बँडमध्ये जागा मिळाली आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून तो निघाला. पुढे न्यूयॉर्कमध्ये ड्रमवादक पॉल मोशनच्या बँडमध्ये वाजवलं. नव्वदच्या दशकात ग्रिनिच व्हिलेजमधल्या 'स्मॉल्स' नावाच्या तळघरातल्या क्लबात आठवड्यामागून आठवडे वाजवून त्याने स्वतःची भाषा घडवली. मग बर्लिनला गेला, तिथे २०१६ पर्यंत जॅझ शिकवलं. आज जे तरुण जॅझ गिटार वाजवतात त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाजवण्यात कुठे ना कुठे कर्ट ऐकू येतो. लांबलचक वाक्यं, न तुटणारा सूर, आणि गिटार असूनही फुंकून वाजवल्यासारखा आवाज.

असा माणूस दहा वर्षं एका अल्बमवर काम करतो आणि त्यात गिटार मागे ठेवतो! 'काइपी'त ड्रम्स त्याने वाजवलेत, बास त्याने, पियानो त्याने, सिंथ त्याने, आणि गायलाही तो. अकरा रचना आहेत, बऱ्याचशा गाण्याच्या स्वरूपात. शब्द असतील तिथे इंग्रजी किंवा पोर्तुगीज, आणि कितीतरी ठिकाणी शब्दच नाहीत, नुसता आवाज. पाहुणे मोठे आहेत. 'लिटल ड्रीम'वर रॉक-ब्लूजचा नामवंत गिटारवादक एरिक क्लॅप्टन आहे. जुना सोबती मार्क टर्नर सॅक्सोफोनवर आहे. पण पाहुण्यांसाठी गाडी थांबत नाही, ते चालत्या गाडीत चढतात.

आता माझा मुद्दा. या अल्बमबद्दल बोलताना लोक सरसकट 'ब्राझिलियन प्रभाव' म्हणतात आणि आपल्या डोळ्यांसमोर रिओचा किनारा, हलकी बोसानोव्हा, हॉटेलच्या लॉबीतलं संगीत येतं. 'काइपी'तला ब्राझील तो नाही. महाराष्ट्र म्हणजे जुहू चौपाटी असं कुणी म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल? कर्टचा ब्राझील आहे मिनास जेराइसचा. हे राज्य चारी बाजूंनी जमिनीने वेढलेलं आहे. डोंगर, सोन्याच्या जुन्या खाणी, अठराव्या शतकातली दगडी चर्चेस. राजधानी बेलो होरिझोंते. तिथल्या सांता तेरेझा नावाच्या वस्तीत, दोन साध्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, साठच्या दशकात काही पोरं गिटार घेऊन फुटपाथवर बसायची. त्यांच्यातून १९७२ मध्ये 'क्लुबे दा एस्किना' हा दुहेरी अल्बम आला, मिल्टन नासिमेंतो आणि लो बोर्जेस या दोघा गायक-रचनाकारांच्या नावावर. लो तेव्हा विशीचा. गिटारवर आणि इतर वाद्यांवर तोनिन्यो होर्टा.

ही पोरं बीटल्सच्या प्रेमात बुडालेली होती. त्यांच्या कानावर चर्चमधलं समूहगान होतं, खेड्यातल्या मिरवणुकांची गाणी होती, जॅझ होतं, आणि बोसानोव्हा तर होतीच. सगळं एकाच भांड्यात शिजलं. त्यामुळे "जॅझ गिटारवादकाने ब्राझिलियन आणि पॉप संगीत एकत्र आणलं" असं 'काइपी'बद्दल वाचलं की मला पुढे एक वाक्य जोडावंसं वाटतं: ते एकत्र आणायचं काम बेलो होरिझोंतेच्या त्या कोपऱ्यावर आधीच झालं होतं. कर्टने तो कोपरा ओळखला आणि तिथे जाऊन बसला.

शब्द नसलेल्या गाण्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६४ ते १९८५ ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. १९७३ साली मिल्टन 'मिलाग्रे दोस पेइशेस' हा अल्बम करत होता तेव्हा सेन्सॉरने त्यातल्या अनेक गाण्यांचे शब्द कापले. त्याने शब्द बदलून घेतले नाहीत आणि गाणी टाकूनही दिली नाहीत. तो ती शब्दांशिवाय गायला. आकार, हुंकार, किंकाळीच्या जवळ जाणारा वरचा आवाज. जे लिहू दिलं नाही ते गळ्यातून आलं. मिनासच्या संगीतात 'ला ला' आणि 'आ ऊ' यांना जे वजन आहे त्याला ही पार्श्वभूमी आहे. कर्टवर काही सेन्सॉर बसलेला नव्हता. पण त्याचाही आवाज आधीपासून गिटारच्या आत होता. २००० च्या आसपास तो कॉलरला छोटा माइक लावून वाजवायचा, स्वतःचं गुणगुणणं गिटारच्याच अँम्प्लिफायरमध्ये सोडायचा आणि दोन्ही सूर एकात एक मिसळायचे. 'काइपी'त तोच आवाज गिटारच्या मागून बाहेर येऊन पुढे उभा राहिला आहे.

आणखी एकजण महत्त्वाचा. पेद्रो मार्टिन्स, ब्राझिलियाजवळच्या गामा गावचा, जन्म १९९३. २०१५ च्या स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो महोत्सवातली गिटार स्पर्धा त्याने जिंकली, परीक्षकांत कर्ट होता. तोवर अल्बम वर्षानुवर्षं शिजत पडला होता. पेद्रोचा आवाज आला आणि गाणी पूर्ण झाली. बाविशीतला मुलगा, पण त्याच्या गळ्यात काही घाई नाही. सूर लावतो आणि बाजूला सरकतो.

तुम्ही ऐकला आहे का? काय वाटलं? न आवडलेल्यांनीही लिहा.

---

गिटारगल्ली | शुक्रवार, रात्री ११.५२

छान लिहिलंय. न आवडलेल्यांत मी आहे, म्हणून लिहितो.

मी कर्टचा जुना चाहता. 'द नेक्स्ट स्टेप' (२००१) आणि न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात ध्वनिमुद्रित झालेला 'द रेमेडी' हे दोन अल्बम मी किती वेळा ऐकले असतील याची गणती नाही. त्यांच्यातले सोलो, म्हणजे गिटारने एकट्याने घेतलेले तुकडे, मी कागदावर उतरवून काढलेत, काही तर अजून हातात बसलेले नाहीत. 'काइपी' आला तेव्हा तीच अपेक्षा होती. क्लॅप्टनचं नाव वाचून ती आणखी वाढली. आणि सोलो येतो तोवर गाणं संपतंय! जॅझमध्ये चार माणसं एका खोलीत एकमेकांना ऐकून वाजवतात, त्यातून ठिणगी पडते. एकाच माणसाने एकेक वाद्य वेगवेगळ्या दिवशी वाजवून थरावर थर चढवले तर ती ठिणगी कुठून येणार? ड्रम्स मला जरा कोमट वाटले. आवाजाचे थर इतके की मधूनमधून धुकं होतं.

वाईट म्हणत नाही. पण जॅझ म्हणून मनाला भिडला नाही.

---

माडाखालचा | शनिवार, सकाळी ७.२०

सुंदर धागा. गोव्यातून लिहितोय. आमच्या घरात आजीची पिढी पोर्तुगीज बोलायची, त्यामुळे कानावर आहे.

आधी एक दुरुस्ती, राग नसावा. तोनिन्यो 'होर्टा' नव्हे, 'ओर्ता'. पोर्तुगीजमध्ये सुरुवातीचा ह उच्चारत नाहीत. आणि ब्राझीलचा उच्चार आमच्या आजीच्या उच्चारापेक्षा पुष्कळ वेगळा आहे. तिकडे 'ती'चा 'ची' होतो आणि 'दी'चा 'जी'. म्हणजे पेद्रो स्वतःचं आडनाव 'मार्चीन्स'च्या जवळपास म्हणेल. आजीची भाषा स्वर गिळणारी, तोंडातल्या तोंडात बोलल्यासारखी. ब्राझीलवाले प्रत्येक स्वर उघडून, लांबवून बोलतात. ती भाषा गाण्यात इतकी बसते त्याचं मला तरी हेच कारण वाटतं. लिस्बनच्या पोर्तुगीजमध्ये तीच ओळ गायली तर निम्मे स्वर दातांमागे राहतील.

'एस्किना' म्हणजे कोपरा. 'क्लुबे दा एस्किना'ला क्लब वगैरे काही नव्हता. घरच्यांनी पोरगा कुठे आहे विचारलं की उत्तर यायचं, तिथेच कोपऱ्यावर, गिटार वाजवतोय. मराठीत याला एकच शब्द आहे, कट्टा. 'मिनास जेराइस' म्हणजे सरसकट खाणीच खाणी, आणि 'बेलो होरिझोंते' म्हणजे सुंदर क्षितिज.

'काइपिरा' हा शब्दही सांगून ठेवतो. ब्राझीलच्या आतल्या भागातला, गावाकडचा माणूस तो काइपिरा. त्यावरूनच काइपिरिन्या हे लिंबाचं पेय. अल्बमच्या नावात या शब्दाचा वास मला येतो.

आणि ब्राझीलशी आपला धागा नाही असं कुणी समजू नये. आपण 'काजू' म्हणतो तो शब्द तिथल्या तुपी लोकांचा. पोर्तुगीजांनी झाड आणलं, सोबत नावही आलं. 'अननस'चं तेच.

---

लयवेडी | शनिवार, सकाळी ९.०५

माडाखालचा, काजूचं माहीत नव्हतं, धन्यवाद!

मी तबला वाजवते. जॅझमधलं फार कळत नाही. पण सांबा या ब्राझीलच्या नाचाच्या संगीताच्या लयीने मला एकदा चांगलंच अडवलं होतं, ते सांगते, कारण गिटारगल्ली ड्रम्सना 'कोमट' म्हणाले त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

आपल्याला पहिल्या मात्रेवर वजनाची सवय आहे. सम आली की सगळं तिथे येऊन टेकतं. सांबात उलटं. दोन मात्रांचं आवर्तन, आणि सुर्दो नावाच्या ढोलांतला जो सर्वांत मोठा, सर्वांत खर्जाचा, तो दुसऱ्या मात्रेवर वाजतो. त्याला नाव मात्र 'पहिला सुर्दो'. पहिल्या मात्रेवर त्याहून लहान ढोल उत्तर देतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुसऱ्या मात्रेलाच सम धरून बसले आणि अख्खं गाणं उलटं ऐकलं. गायिका सारखी चुकतेय असंच वाटत होतं.

मग घरी डग्ग्यावर करून पाहिलं. पहिल्या मात्रेला पंजा दाबून बंद 'के', दुसरीला खुला घुमारा 'गे'. के... गे... के... गे... दहा-पंधरा मिनिटं नुसतं हेच. आणि एका क्षणी खांदे आपोआप हलायला लागले. वजन पुढे ढकललं जातं, टेकत नाही. म्हणून ते चालतं, बसत नाही.

बोसानोव्हाचा जो टकटक ठेका आहे, तोही करून बघा. सोळा बारीक मात्रा, त्यांचे तुकडे ३-३-४-३-३. तोंडाने म्हणायचं: तकिट तकिट तकधिमि तकिट तकिट. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या अक्षराला टाळी, आणि पायाने दर चार मात्रांना ठोका. पाय आणि टाळी एकमेकांपासून सुटतात आणि पुन्हा भेटतात. मधला तो चारचा तुकडा आहे ना, तिथे श्वास आहे.

काल रात्री सहावी_तार यांचं वाचून 'काइपी' लावला. कोमट मला नाही वाटला. ड्रम्स मागे बसलेत, पण पाय कसा हलता ठेवलाय बघा. ढोल वाजवणाऱ्याने दाखवायला वाजवलेलं नाही, गाणाऱ्याने स्वतःच्या गाण्याला धरलेला ताल आहे.

---

सहावी_तार | शनिवार, सकाळी १०.३०

माडाखालचा, राग कसला, उपकारच. आजपासून ओर्ता.

लयवेडी ताई, 'गाणाऱ्याने स्वतःच्या गाण्याला धरलेला ताल' हे वाचून मी अल्बम परत लावला. मी इतकी वर्षं ऐकतोय आणि मला हे असं सांगता आलं नव्हतं.

गिटारगल्ली, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. चौघांमधली ठिणगी इथे नाही. ती 'द नेक्स्ट स्टेप'मध्ये आहे. टर्नर, बेन स्ट्रीट, जेफ बॅलार्ड आणि कर्ट यांनी एकत्र काढलेली वर्षं त्यात ऐकू येतात. पण एक आठवण करून देतो. कर्टने हे घरगुती थर लावायचं काम २००३ च्या 'हार्टकोअर'मध्येही केलं होतं. तो अल्बम त्याने 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या हिप-हॉप गटातल्या क्यू-टिपसोबत निर्मित केला होता. म्हणजे क्लबमधला कर्ट आणि खोलीत एकटा बसून थर चढवणारा कर्ट, हे दोघे पहिल्यापासून शेजारी राहतात.

सोलोबद्दल. मी स्वतः एक प्रयोग केला, तुम्हीही करून पाहा. गिटार शोधायचीच नाही. आवाजाच्या मागे जायचं. मग लक्षात येतं की बहुतेक ठिकाणी नायलॉनच्या किंवा साध्या तारांचा एक थर अंगठ्याने खर्ज आणि बोटांनी स्वरसमूह असा चाललाय, ब्राझीलमध्ये व्हायोलाँव, म्हणजे तिथली साधी गिटार, वाजवतात तसा. त्यावर तो ओळखीचा, ताणलेला इलेक्ट्रिक सूर मोजकाच येतो. आल्यावर गायकाने सोडलेलं वाक्य पूर्ण करतो आणि जातो. आपल्या भावगीतात कडव्यानंतर व्हायोलिनचा जो एक तुकडा असतो, लोकांना तो शब्दांइतकाच पाठ असतो, तसं काहीसं. तो तुकडा लांब असता तर गाणं मोडलं असतं.

धुक्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. दोनतीन ठिकाणी एक थर कमी चालला असता.

---

काळाघोडा | शनिवार, दुपारी २.१५

मुलांनो, वाचून आनंद झाला. माझं वय आता सत्तरीकडे झुकलेलं, त्यामुळे थोडं मागचं सांगतो.

मिनासचं संगीत जॅझच्या कानावर कर्टने पहिल्यांदा घातलं असं कुणाला वाटू नये. १९७५ साली सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरचा 'नेटिव्ह डान्सर' आला. त्यातल्या नऊ रचनांपैकी पाच मिल्टनच्या, आणि गायलाही मिल्टन. सहावी_तारने ज्या कापलेल्या अल्बमचं सांगितलं त्याचं शीर्षकगीत त्यात आहे. १९८० मध्ये ओर्ताचा स्वतःच्या नावाचा अल्बम आला, त्यात अमेरिकन जॅझ गिटारवादक पॅट मेथिनी पाहुणा होता. आणि मग १९८७ मध्ये मेथिनीचा 'स्टिल लाइफ (टॉकिंग)'.

तो मला मुंबईतल्या ऱ्हिदम हाउस या संगीताच्या दुकानात मिळाला. कॅसेट. तिथे ऐकून बघण्यासाठी छोट्या काचेच्या खोल्या होत्या, मी हेडफोन लावून उभा होतो आणि पहिल्या बाजूचा शेवट होईपर्यंत हललो नाही. लोकलमधून घरी जाताना कव्हर उघडून नावं वाचत होतो. तालवाद्यांवर आर्मांदो मार्साल. पुढे कळलं की हा रिओच्या सांबातल्या घराण्यातला, आजोबा सांबाचे रचनाकार, वडील ढोलवादकांचे म्होरके. तीन पिढ्यांचा हात त्या कॅसेटमध्ये होता. ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. कॅसेट माझ्याकडे आहे, वाजत नाही, पण आहे.

त्याच्याही मागे गेलं तर १९६१ मध्ये गिटारवादक चार्ली बर्ड अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर दक्षिण अमेरिकेला गेला, बोसानोव्हा ऐकून परतला, आणि १९६२ मध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झसोबत 'जॅझ सांबा' केला. तो वॉशिंग्टनच्या एका चर्चच्या सभागृहात ध्वनिमुद्रित झाला. तिथून ही साथ पसरली. म्हणजे सुरुवात करणाराही गिटारवालाच.

मेथिनी आणि कर्ट यांच्यात मला जाणवलेला फरक: मेथिनी ब्राझीलकडे विमानातून पाहतो. खाली सगळं पसरलेलं, उजेड, अंतर. कर्ट खोलीत बसून गातोय. दोन्ही मला प्रिय आहेत.

---

सरळसोट | शनिवार, संध्याकाळी ६.४०

एक प्रश्न मनापासून विचारतो. मिल्टन आहे, लो बोर्जेस आहे, ओर्ता आहे. मूळचं सगळं उपलब्ध आहे. मग आपण अमेरिकन माणसाच्या अल्बमवर इतकं का बोलावं? चार्ली बर्ड आणि गेट्झ यांनी नाव आणि पैसा मिळवला. १९६४ च्या 'गेट्झ/जिल्बेर्तो'तलं ज्या गाण्याने जग वेडं झालं ते ब्राझिलियन गायिका आस्त्रुद जिल्बेर्तोच्या आवाजात होतं आणि अल्बमच्या मुखपृष्ठावर तिचं नाव नव्हतं. हेच पुन्हा पुन्हा होत असेल तर आपण श्रोत्यांनी तरी आधी कुणाचं नाव घ्यावं हे ठरवायला हवं.

---

सहावी_तार | शनिवार, रात्री ९.१५

सरळसोट, प्रश्न रास्त आहे. मीही तो स्वतःला विचारलाय, त्यामुळे सरळ उत्तर देतो.

आस्त्रुदचं झालं ते वाईटच झालं. 'काइपी'त काय आहे ते पाहू. पेद्रो मार्टिन्सचं नाव लपवलेलं नाही. अल्बम घेऊन कर्ट दौऱ्यावर निघाला तेव्हा त्याच्यासोबत पेद्रो होता, अंतोनियो लोउरेइरो होता, बासवर बेलो होरिझोंतेचा फ्रेदेरिको एलिओदोरो होता. म्हणजे अर्धा बँड ब्राझीलचा, आणि मिनासच्या संगीतात वाढलेला. कर्टने बर्लिनमध्ये स्वतःची 'हार्टकोअर रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली, आणि २०१९ मध्ये पेद्रोचा 'व्हॉक्स' त्याच कंपनीने आणला. तो पेद्रोच्या नावावर आहे, पेद्रोच्या गाण्यांचा आहे.

एवढ्याने सगळा हिशेब चुकता होतो असं नाही म्हणणार. इंग्रजी नाव असलेल्या माणसाला जगातली दारं लवकर उघडतात. पण मी स्वतः मिल्टनपर्यंत 'काइपी'च्या वाटेने पोचलो. उलट्या क्रमाने गेलो. आधी कर्ट, मग पेद्रो, मग ओर्ता, मग १९७२. तुमच्या प्रश्नाला मी एवढंच करू शकतो, की हा धागा वाचणाऱ्याला उलट्या क्रमाने जावं लागू नये. म्हणून वरच्या लेखात कर्टपेक्षा त्या कोपऱ्याबद्दल जास्त लिहिलं.

---

सरळसोट | शनिवार, रात्री ९.४४

हे उत्तर आवडलं. आज 'क्लुबे दा एस्किना' पूर्ण ऐकतो, एकवीस गाणी आहेत, रात्र पुरेल. मग 'काइपी'.

---

स्प्रे_काठचा | रविवार, पहाटे १.३०

बर्लिनहून. मी २०१७ मध्ये हा बँड युरोपच्या दौऱ्यावर असताना ऐकला. सहाजण होते. वर लिहिलेल्या तिघांशिवाय ऑलिव्हिया ट्रुमर कीबोर्डवर आणि बिल कॅम्पबेल ड्रम्सवर.

गिटारगल्ली, तुम्ही म्हणता ती ठिणगी तिथे होती. एका माणसाने दहा वर्षं एकट्याने वाजवलेलं सहाजणांनी वाटून घेतलं होतं. एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. पेद्रो गायला लागला की कर्ट अर्धा वळून त्याच्याकडे तोंड करून उभा राहायचा, हात तारांवर, पण वाजवत नव्हता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. परीक्षक म्हणून ज्याला ऐकलं त्या मुलाच्या गाण्यात तो स्वतः खालचा सूर धरून होता. नंतर सगळेच गायला लागले, ड्रम्सवालाही. शब्द नव्हते, त्यामुळे सभागृहातल्या लोकांना भाषा यायची गरज उरली नाही. माझ्या शेजारच्या बाई जर्मन होत्या, मी मराठी, आम्ही दोघं 'आ' करून गात होतो.

---

माडाखालचा | रविवार, सकाळी ८.१०

स्प्रे_काठचा, हे वाचून अंगावर काटा आला.

आमच्याकडे गावोगावच्या चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फा शिकवायचे. मास्तर पट्टीने लय धरायचे, पोरं दो-रे-मी म्हणायची, मग समूहात दुसरा, तिसरा सूर लावायची. त्याच शाळांतून शिकलेले गोंयकार मुंबईला जाऊन हॉटेलांत जॅझ आणि स्टुडिओंत सिनेमाची गाणी वाजवू लागले. मिनासच्या चर्चमधल्या समूहगानाबद्दल वाचलं तेव्हा मला आमचं चर्च आठवलं. मिल्टनच्या मागे जे अनेक आवाज एकमेकांवर येतात ना, तसे आम्ही लदिन या प्रार्थनेला गातो. पहिला आवाज, आणि त्याच्या खाली तिसऱ्या सुराच्या अंतराने चालणारा दुसरा आवाज. समुद्रापलीकडच्या त्या लोकांना आपण कधी भेटलो नाही, पण मास्तर एकाच मुलखातून आलेले.

'काइपी'त पेद्रो आणि कर्ट यांचे आवाज असे जोडीने चालतात तिथे थांबून ऐका.

---

गिटारगल्ली | रविवार, रात्री १०.२५

काल सहावी_तार यांनी सांगितलेला प्रयोग केला. गिटार शोधायची नाही असं ठरवून, दिवे घालवून, अकराच्या अकरा रचना सलग.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, ड्रम्सबद्दलचं माझं मत बदललं. लयवेडी ताईंचं 'के... गे...' तोंडाने म्हणत ऐकलं, आणि वजन कुठे ठेवलंय ते सापडलं. मी जॅझमधल्या स्विंग लयीचे ड्रम्स शोधत होतो, ते तिथे नव्हतेच. दुसरी, 'लिटल ड्रीम'मध्ये क्लॅप्टन कधी आला आणि कधी गेला हे मला पहिल्या वेळी कळलंच नव्हतं, म्हणून निराशा झाली होती. काल कळलं. तो अगदी थोडं वाजवतो, गाण्याच्या बाहेर एक सूर जात नाही. इतका नाव असलेला माणूस दुसऱ्याच्या घरी येऊन इतकं कमी बोलतो, हे मला फार भावलं.

धुक्याबद्दल मत कायम आहे.

आता ओर्ताकडे जायचं आहे. काळाघोडा काका, १९८० च्या अल्बमपासून सुरू करू की १९७२ पासून?

---

काळाघोडा | सोमवार, सकाळी ६.५०

१९७२ पासून. सगळ्या वाद्यांतून ओर्ताची गिटार हुडकून काढायची. सापडली की मग १९८०. आणि हेडफोन लाव, तो मोकळ्या तारा मधेच सोडून देतो, त्या स्पीकरवर हरवतात.